छोट्या नाटकाचे दिवे टांगायचे कशाला आणि लपवायचे कसे

एका शाळेच्या हॉलमध्ये एकांकिकेचा प्रयोग होता. शेवटच्या प्रवेशात मुलगी वडिलांच्या रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबते, बाकीचे दिवे हळूहळू उतरतात आणि तिच्या चेहऱ्यावर एकाच पारचा, म्हणजे गोल डब्यासारख्या दिव्याचा, उजेड उरतो. मी मागच्या रांगेच्या पाठीमागे उभा होतो. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. आणि तिच्या डोक्यापासून हातभर वर, काळ्या पडद्याच्या पुढे, एक चांदणी लुकलुकत होती. दिवा पाइपला धरणाऱ्या क्लॅम्पचा विंग नट, म्हणजे दोन पाकळ्यांचा नट, होता तो. नवा, क्रोमचा, चकचकीत. पारच्या मागच्या फटीतून निसटलेली तिरीप नेमकी त्याच्या एका पाकळीवर पडत होती. माझ्यापुढे बसलेल्या एका बाईंची मान तिकडे वळलेली मला दिसली. अंगठ्याएवढा नट, पण तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्याने त्या मुलीचा प्रवेश खाल्ला.

ते दिवे मी टांगले होते. पुढच्या प्रयोगाला मी मिळतील तेवढे लहान, नाजूक क्लॅम्प शोधून आणले. ते दिसले नाहीत, पण मध्यंतराच्या आतच एका दिव्याचं तोंड आपसूक खाली झुकलं आणि चेहऱ्यावरचा प्रकाश छातीवर आला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. सामान नजरेत येऊ नये म्हणून ते बारीक करत बसायचं नसतं. त्याची जागा, रंग आणि रेष सांभाळायची असते. पकडीत काटकसर केली की ती कुठे ना कुठे बाहेर येतेच.

हा लेख त्या निवडीबद्दल आहे. साठ-सत्तर ते दीडशे प्रेक्षकांचा हॉल, आठ-दहा दिवे, मंचावर दिवे टांगायची कायमची जाळी, म्हणजे ग्रिड, नाही आणि भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळेलच असं नाही, अशी परिस्थिती मी डोळ्यांपुढे ठेवली आहे. प्रायोगिक नाटक करणाऱ्या बहुतेकांची हीच असते.

वजन शेवटी कुठे जातं?

दिवा टांगणं म्हणजे त्याचं वजन इमारतीपर्यंत नीट पोचवणं. दिव्याचं वजन यू ब्रॅकेटवर, तिथून बोल्टवर, बोल्टवरून क्लॅम्पवर, मग पाइपवर, पाइपला धरणाऱ्या हुकांवर किंवा स्टँडवर आणि अखेर स्लॅबवर, भिंतीवर किंवा जमिनीवर. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जेवढं पेलेल तेवढंच सगळं मिळून पेलतं. पंधरा किलो पेलणारा दणकट क्लॅम्प खिळ्याला बांधलेल्या पाइपवर लावला, तर त्या पंधरा किलोला काही अर्थ राहत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी दिवे तोलून घ्या. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घरात असतो, तो पुरतो. छोटा एलईडी पार दीड-दोन किलोचा असतो, धातूच्या बॉडीचा मोठा पार तीन-चार किलोंवर जातो आणि फ्रेनेल किंवा प्रोफाइल हा भिंगाचा दिवा सहा-सात किलो सहज भरतो, कधी त्याहून जास्त. त्यात क्लॅम्प, बार्नडोअर म्हणजे उजेड अडवायच्या झडपा, रंगीत जेलची फ्रेम आणि केबल मिळवा. केबलचं वजन सगळेच विसरतात. दहा दिव्यांच्या केबल एका टोकाला गोळा झाल्या की तिथे एक जास्तीचा दिवा टांगल्यासारखंच होतं.

लपवण्याचा सगळ्यात सोपा उपाय या टप्प्यालाच हाती येतो: दिवाच लहान घ्या. बल्बच्या नावातला आकडा इंचाच्या अष्टमांशात असतो. पार ६४ म्हणजे ६४ भागिले ८, आठ इंच व्यासाचा बल्ब. पार ५६ सात इंचांचा. एमआर १६ फक्त दोन इंचांचा. हा दोन इंची बल्ब घातलेल्या चिमुकल्या दिव्याला इंग्रजी रंगभूमीवर ‘बर्डी’ म्हणतात, कारण गोल्फमध्ये ‘पार’पेक्षा एक फटका कमी लागला की त्याला बर्डी म्हणतात. आठ मीटरवरून अख्खा मंच उजळायचा असेल तर बर्डीचं काम नाही. पण पायरीच्या आडून, टेबलाच्या कडेखालून, खिडकीच्या चौकटीमागून एका चेहऱ्यावर उजेड टाकायचा असेल, तर तो आठ इंची डब्यापेक्षा कितीतरी चांगला आणि त्याला धरायला लागणारं सामानही तेवढंच कमी.

दीड इंची पाइप दीड इंचाचा नसतो

मंचावरच्या दिव्यांचे बहुतेक क्लॅम्प बाहेरून ४८ ते ५१ मिलिमीटर व्यासाच्या पाइपसाठी बनवलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘दीड इंची जीआय’, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, मागितला की जो मिळतो, तो बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. दीड इंच म्हणजे तर ३८ मिलिमीटर, मग हे ४८ कुठून आले? पाण्याचे पाइप आतल्या पोकळीच्या जुन्या, ढोबळ मापाने ओळखले जातात, बाहेरचा व्यास वेगळाच असतो. सव्वा इंची पाइप बाहेरून ४२.४, एक इंची ३३.७ आणि दोन इंची ६०.३. त्यामुळे दुकानदाराशी ‘इंच’ बोलायचं, पण खिशात मोजपट्टी ठेवून बाहेरचा व्यास स्वतः मोजायचा.

एक इंची पाइपवर ४८चा क्लॅम्प कितीही आवळा, तो गोल फिरतो. मग मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, गत्ता, टेपचे वेढे असं काहीबाही भरतात. रबर आणि गत्ता दबतात, हॅलोजनच्या उष्णतेने आणखी दबतात आणि तासाभरात पकड सैल होते. पाइपच्या मापाचा क्लॅम्प घ्या, नाहीतर क्लॅम्पच्या मापाचा पाइप घ्या. तिसरा मार्ग नाही. चौकोनी पाइपवर हुकाच्या आकाराचा क्लॅम्प तर अजिबात लावू नका, तो दोन कोपऱ्यांवर टेकतो आणि धरल्याचा नुसता भास होतो.

पाइपवर एक रंगीत पट्टा असतो, तोही बघा. आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार पिवळा पट्टा हलक्या पाइपचा, निळा मध्यम आणि लाल जड. मी निळ्याखाली जात नाही. मध्यम जातीचा दीड इंची पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो, म्हणजे दिवे टांगायचा तीन मीटरचा आडवा पाइप, ज्याला बार म्हणतात, तो एकही दिवा न लावता दहा-अकरा किलोंचा झाला.

आता तो बार वाकण्याबद्दल. दोन टोकांना धरलेल्या पाइपच्या बरोबर मधोमध वीस किलो टांगले, तर तेच वीस किलो सगळ्या लांबीवर सारखे पसरून टांगल्याच्या तुलनेत पाइपवर दुप्पट ताण येतो. आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाने मधला झोळ आठपट होतो. दुप्पट नव्हे, आठपट. हे एकदा नीट समजलं की बार टांगायची पद्धतच बदलते. जड दिवे आधारांजवळ सरकवायचे, हलके मध्ये घ्यायचे आणि लांब पाइपला मध्ये तिसरा आधार द्यायचा. लपवण्याच्या दृष्टीनेही याचा फायदा आहे. झोळ पडलेला काळा पाइप काळ्या पडद्यापुढेही ओळखू येतो, कारण पडद्याच्या आणि वरून आडव्या सोडलेल्या झालरीच्या सगळ्या रेषा सरळ असताना ही एकच वाकडी असते.

क्लॅम्पची निवड

सगळ्यात जास्त वापरला जातो तो हुक क्लॅम्प. पाइपवर अडकवायचा, खालून बोल्ट आवळायचा, झालं. याचा मोठा गुण असा की अडकवल्याबरोबर तो वजन घेतो, बोल्ट नंतर आवळता येतो. शिडीवर एकट्याने काम करताना याची किंमत कळते. एकांकिका स्पर्धांमध्ये मंच मोजक्या मिनिटांत लावायचा असतो, तिथे मी हाच घेईन. दोष दोन. एक, तो दिवा पाइपपासून बराच खाली लोंबवतो, म्हणजे झालरीच्या खालून डोकावण्याची शक्यता वाढते. दुसरा, त्याच्या बोल्टचं टोक पाइपमध्ये रुतून ओरखडा पाडतं. लोखंडी पाइपला त्याचं विशेष नाही, ॲल्युमिनियमच्या ट्रसला, म्हणजे जाळीदार सांगाड्याला, आहे.

हाफ कपलर पाइपला दोन्ही बाजूंनी मिठी मारतो. त्यामुळे दिवा पाइपखाली, पाइपच्या वर किंवा बाजूला, कसाही बसवता येतो. छोट्या हॉलमध्ये मला याची सर कशालाच वाटत नाही. छत खाली असतं तिथे दिवा पाइपच्या वरच्या अंगाला उभा करून बसवला, तर दिव्याची उंची वाचते आणि पाइपच्या आड क्लॅम्पही दिसत नाही. नेहमीचा हाफ कपलर साधारण ५० मिलिमीटर रुंद असतो, त्याचा सडपातळ अवतार ३० मिलिमीटरचा मिळतो, काळ्या रंगात. तो मात्र बारीक आहे म्हणून कमकुवत असं धरून चालू नका आणि मजबूत आहे असंही धरू नका. चांगल्या क्लॅम्पच्या अंगावर तो किती किलो पेलेल हे ठसवलेलं असतं. ते वाचा. ठसा नसेल तर तो क्लॅम्प माणसांच्या डोक्यावर लावायचा नाही.

फोटोग्राफीवाल्यांचा सुपर क्लॅम्प हा छोट्या नाटकांचा फार चांगला मित्र आहे. मॅनफ्रोटो कंपनीचा मूळचा सुपर क्लॅम्प १३ ते ५५ मिलिमीटर जाडीचं काहीही धरतो आणि पंधरा किलो पेलतो. त्याच्यासोबत येणारी पाचर घातली की तो फळीची किंवा टेबलाची सपाट कडही धरतो. सेटच्या चौकटीवर, कठड्यावर, शाळेच्या हॉलमधल्या बाल्कनीच्या रेलिंगवर दिवा लावायचा असला की हा कामाला येतो. त्यात १६ मिलिमीटरची खुंटी बसते. म्हणून दिव्याच्या ब्रॅकेटला तशी खुंटी आधी लावून घ्यावी लागते. याच्या स्वस्त नकला बाजारात खूप आहेत, दिसायला हुबेहूब. त्यातल्या एकाचा ओतीव जबडा माझ्या हातात आवळतानाच तडकला होता. खाली टेबलावर तडकला म्हणून बरं.

साधा जी क्लॅम्प, सुतारांकडे असतो तो, मी फक्त जमिनीलगतच्या कामाला वापरतो. त्याचा स्क्रू कंपनाने हळूहळू सैल होतो आणि मंचावर नाचगाणं असेल तर फारच लवकर.

क्लॅम्प आणि दिवा यांना जोडणारा बोल्ट बहुधा दहा किंवा बारा मिलिमीटरचा असतो. दिव्यासोबत आलेला विंग नट हातानं आवळायला सोपा, पण त्याच्या दोन पाकळ्या प्रकाश पकडतात आणि हातानं आवळलेलं हातानंच सुटतं. मी तो काढून नायलॉक नट लावतो. त्याच्या आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे तो आपोआप फिरत नाही. १७ आणि १९ नंबरचे पाने खिशात ठेवायचे आणि शिडीवर चढताना पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची.

छत, भिंत, जमीन

फॉल्स सीलिंगच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या फक्त स्वतःच्या टाइल पेलण्यासाठी असतात. त्यांना एकही दिवा टांगू नका, बर्डीसुद्धा नाही. त्यांच्या वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत जाता येत असेल तरच छताचा विचार करायचा, तोही भोकात फुगून बसणारा अँकर फास्टनर मारून आणि इमारत माहीत असलेल्या इंजिनिअरला विचारून. भिंतीचंही तसंच. काँक्रीटच्या खांबात आणि बीममध्ये फास्टनर छान बसतो, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत तो नुसता प्लास्टर धरून राहतो आणि जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतीत भोक पाडलं की भुसा गळायला लागतो. भिंतीवर बोट वाजवून बघा, आवाज पोकळ आला तर तो विचार सोडून द्या.

भोक पाडता येत नसेल तर जमिनीवरून वर जायचं. दोन उपाय आहेत. एक ऑटोपोल: जमीन आणि छत यांच्यात किंवा दोन भिंतींमध्ये दाबून घट्ट बसणारा दुर्बिणीसारखा लांब होणारा खांब. विंगेच्या आड उभा केला की काळ्या कापडामागे तो पूर्ण नाहीसा होतो. फक्त त्याचं वरचं टोक खऱ्या छताला किंवा बीमला टेकायला हवं. दुसरा उपाय नेहमीचा स्टँड. स्टँड पडतो तो बहुतेक वेळा बाजूला लांबवलेल्या दांडीमुळे. चार किलोचा दिवा खांबापासून ६० सेंटिमीटर बाहेर काढला, तर स्टँडला तो ३० सेंटिमीटरवर टांगलेल्या आठ किलोंइतका ओढतो. दिवा जिकडे झुकलाय त्याच दिशेला स्टँडचा एक पाय ठेवा आणि उलट बाजूच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा. जुन्या जीन्सचा पाय दोन्ही टोकांना शिवून पाच किलोंची उत्तम पिशवी होते, फक्त ती काळी रंगवून घ्या. आणि स्टँडचे पाय पूर्ण पसरलेले हवेत. जागा कमी आहे म्हणून ते अर्धे मिटलेले ठेवण्याचा मोह विंगेत हमखास होतो.

जमिनीवरच्या दिव्याला तर काहीच लागत नाही. बऱ्याच एलईडी पारना दुहेरी ब्रॅकेट असतं. त्याचे दोन्ही पाय फाकवले की दिवा स्वतःच उभा राहतो. विंगेच्या तोंडाशी गुडघ्याच्या खाली ठेवलेला असा दिवा नटाच्या अंगावर आडवा उजेड टाकतो, जमीन आणि मागचा पडदा फारसा उजळत नाही आणि माणूस अंधारातून कोरल्यासारखा दिसतो. सगळ्यात कमी सामानात मिळणारा सगळ्यात देखणा प्रकाश हाच, असं माझं मत आहे. ब्रॅकेटखाली एक वीतभर रुंदीचा प्लायवूडचा तुकडा स्क्रूने जोडा, म्हणजे नटाचा पाय लागला तरी दिव्याची दिशा लगेच बदलणार नाही.

सेफ्टी वायर

छोट्या हॉलमधला सगळ्यात धोक्याचा दिवा समोरचा. चेहरा नीट दिसावा म्हणून समोरचा उजेड साधारण ४५ अंशांतून आणतात. चेहऱ्याची उंची दीड मीटर धरली आणि बार साडेतीन मीटरवर असला, तर दिवा नटाच्या दोन मीटर पुढे हवा. लहान मंचावर नट अगदी पुढे आला की हे दोन मीटर कुठे पडतात? पहिल्या रांगेच्या डोक्यावर. म्हणून क्लॅम्प कितीही चांगला असो, प्रत्येक टांगलेल्या दिव्याला वेगळी स्टीलची सेफ्टी वायर हवीच. ती दिव्याच्या बॉडीवर त्यासाठी दिलेल्या कडीतून घ्यायची, ब्रॅकेटमधून नाही, कारण सुटतं ते बरेचदा ब्रॅकेटच.

या वायरला ढील किती ठेवायची, इथे लोक चुकतात. समजा चार किलोचा दिवा एक मीटर पडला आणि वायरने त्याला दोन सेंटिमीटरच्या ताणात थांबवलं, तर त्या क्षणी वायरवर सरासरी दोनशे किलोंएवढा जोर येतो. तोच दिवा दहा सेंटिमीटर पडून थांबला, तर जोर चोवीस किलोंच्या आसपास येतो. दिवा तोच, वायर तीच, फरक फक्त लोंबत्या लांबीचा. म्हणून वायर पाइपला दोन वेढे देऊन जितकी आखूड करता येईल तितकी करा. आखूड वायर दिसतही नाही, हा वरचा फायदा.

काळ्या प्लास्टिकच्या आवरणातली वायर नजरेत येत नाही हे खरं, पण आतली एखादी तार तुटली किंवा गंजली तरी कळत नाही. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हा प्रश्न खराच आहे. अशी वायर घेतली तर दर मोसमाआधी ती बोटांतून ओढत न्यायची, कुठे टोचलं किंवा फुगवटा लागला की कापून टाकायची. कापूनच, कारण बाजूला ठेवलेली वायर परत पेटीत येते. दिवा धरायला केबल टाय, सुतळी किंवा टेप कधीही नाही. ते फक्त केबल बांधायला.

अंधारात काय चमकतं

आता दिसण्याबद्दल. प्रेक्षकांचे डोळे पाच-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात आणि मग त्यांना आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त दिसायला लागतं. दिवसाउजेडी काळा वाटणारा गुळगुळीत रंग तेव्हा पांढरा चमकतो. म्हणून रंग काळा असून भागत नाही, तो निस्तेज हवा. शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग यासाठी उत्तम आहे, स्वस्त आणि कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळणारा. त्याने पाइप, स्टँडचे पाय, बेस प्लेट रंगवा. बोल्टचे आटे, क्लॅम्पवरचा किलोंचा ठसा आणि हॅलोजन दिव्याची बॉडी रंगवू नका. बॉडी तापते, साधा रंग जळून वास येतो. क्लॅम्पच्या जबड्यावरही जाड थर नको, खालची चीर झाकली जाते.

तपासायची एक सोपी युक्ती. हॉल पूर्ण काळोखा करा, पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि मग शेवटच्या रांगेत बसा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरून वर फिरवा. जिथून उजेड परत येतो ती प्रत्येक जागा प्रयोगात चमकू शकते. विंग नट, बार्नडोअरच्या कडा, सेफ्टी वायरची कडी, टेपची चकाकती पट्टी, सगळं बाहेर येतं.

टॉर्चने जे सापडत नाही ते स्वतःच पेटलेलं असतं. एलईडी पारच्या पाठीवर त्याचा क्रमांक दाखवणारे लाल आकडे असतात. ब्लॅकआउट झाला की मागच्या पडद्यावर तो लाल डाग उमटतो. बहुतेक दिव्यांच्या मेन्यूत डिस्प्ले बंद करायची सोय असते. नसेल तर काळ्या टेपचा तुकडा, पण पंख्याची जाळी झाकायची नाही.

आणि केबल. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा नजर खेचते ती केबल, क्लॅम्प नव्हे. दोन दिव्यांमध्ये झोके घेत लोंबणारी वायर आडव्या बारच्या स्वच्छ रेषेवर रेघोट्या मारते. केबल पाइपच्या वरच्या अंगाने न्या, दर हातभर अंतरावर काळ्या सुती दोरीने बांधा, दिव्यापाशी मात्र तोंड फिरवता येईल एवढा एक वळसा ठेवा. सुती दोरी अशासाठी की ती हॅलोजनजवळ वितळत नाही आणि प्रयोगानंतर गाठ सोडून परत वापरता येते.

बार झालरीमागे दडवताना एक पथ्य कडक पाळायचं. ज्यावर उजेड पडतो ते कापड दिव्यापासून किती लांब हवं, हे हॅलोजन दिव्यावर लिहिलेलं असतं. तेवढं अंतर ठेवा. पार ६४चा एक हजार वॅटचा बल्ब जवळच्या कापडाला काही मिनिटांत करपवतो. झालर पुढे सरकवा, दिवा खाली घ्या, एलईडी वापरा, काहीही करा, पण लपवण्यासाठी ते अंतर कमी करू नका.

जिथे लपवायला जागाच नसते

जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४पासून जी नाटकं झाली ती शाळेच्याच हॉलमध्ये, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पुण्याच्या शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावरही प्रेक्षक आणि नट यांच्यात फार अंतर नसतं. अशा जागी झालर-विंगेच्या आड सगळं जाईल ही अपेक्षा ठेवून चालत नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तचा तर आग्रहच होता की दिवे प्रेक्षकांना दिसू द्यावेत, म्हणजे आपण नाटक बघतोय हे ते विसरणार नाहीत.

दिवे उघडेच राहणार असतील तर ते एकसारखे दिसू द्या. सगळे क्लॅम्प एका जातीचे, सगळे दिवे एकाच उंचीवर लोंबणारे, ब्रॅकेटचे बोल्ट एका बाजूला, केबल एका रेषेत. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षक ती रांग बघून घेतो आणि मग ती त्याच्यासाठी छताचा भाग होते. त्या रांगेत एक क्लॅम्प चांदीचा आणि बाकीचे काळे असले, तर नजर पुन्हा पुन्हा त्याच एकावर जाते. त्यामुळे तीन मित्रांकडून गोळा केलेले तीन जातींचे दिवे असतील, तर एका बारवर एकच जात ठेवा आणि विजोड सामान विंगेत किंवा जमिनीवर वापरा. कुणाचे दिवे कुठे जातील हे त्याच्या दिसण्यावरून ठरवणं मला सुरुवातीला चुकीचं वाटायचं. आता मी आराखडा काढतानाच ते ठरवतो.

फोकसिंग, म्हणजे दिव्यांची दिशा लावणं, संपलं की मी पुन्हा एकदा शिडीवर चढतो. प्रत्येक नट आवळून झाल्यावर नटावरून क्लॅम्पच्या अंगावर जाणारी रंगाची एक बारीक रेघ मारतो, पेंट मार्करने. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पुन्हा पाना लावून बघावं लागत नाही. दर प्रयोगाआधी टॉर्च घेऊन खालून रेघा वाचायच्या, तुटलेली सापडली की तेवढ्यापुरती शिडी लावायची. रेघ पांढरी असते, म्हणून ती नेहमी मागच्या पडद्याकडच्या बाजूला मारतो.